गूळ, काकवी, मध आणि साखर : रक्तशर्करेच्या दृष्टीने तुलना

दिवाळी सरली की कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेच्या काठाने गुऱ्हाळे सुरू होतात. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडांचा जाळ धडधडू लागतो, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते व ती झाऱ्याने काढून टाकली जाते. पाक कोठवर आला आहे हे गुळव्या थंड पाण्यात थेंब सोडून पारखतो आणि त्याने खूण केली की काहील उतरविली जाते. अशा वेळी गुऱ्हाळावर आलेल्या माणसास रस, काकवी किंवा ताजा गूळ दिल्यावाचून परत पाठवू नये, हा या भागाचा जुना रिवाज आहे.

अलीकडे या आतिथ्यात एका वाक्याची भर पडली आहे. आलेल्या माणसाने आपणास मधुमेह आहे असे सांगून हात आखडता घेतला, तर त्याला उत्तर मिळते, "घ्या पाहुणे, साखर नव्हे, गूळ आहे. गुळाने काही होत नाही." हे वाक्य सद्भावनेने उच्चारले जाते यात शंका नाही. परंतु ते खरे नाही. ज्या घरात ते खरे मानले जाते, त्या घरात पथ्य पाळल्याचे समाधान राहते आणि रोग मात्र आतून वाढत जातो. म्हणून गूळ, काकवी, मध व साखर यांचा रक्तातील साखरेशी काय संबंध आहे, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मधुमेहाचा खेड्यातील प्रसार

मधुमेह हा शहरातील, बैठे काम करणाऱ्या व सधन लोकांचा रोग होय, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष प्रौढ व्यक्तींना मधुमेह असल्याचा, आणि सुमारे १३ कोटी ६० लक्ष व्यक्ती त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज करण्यात आला. गोवा राज्यात हे प्रमाण सर्वांत अधिक, म्हणजे प्रौढांपैकी २६.४ टक्के आढळले. खेड्यातील प्रमाण शहरांहून कमी असले तरी उंबरठ्यावरील लोकांची संख्या खेड्यांतही मोठी आहे.

या रोगाने डोळे, मूत्रपिंड, हृदय व मज्जातंतू यांस इजा पोहोचते. त्यांपैकी मज्जातंतूंची इजा शेतकऱ्याच्या दृष्टीने विशेष घातक ठरते. पायांची संवेदना कमी झालेला माणूस अनवाणी फडात शिरतो, उसाचे खोडके तळव्यात घुसते आणि त्यास त्याची जाणीवही होत नाही. रक्तातील साखर वाढलेली असल्यामुळे जखम लवकर भरत नाही, ती चिघळते आणि प्रसंगी बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. तेव्हा गूळ चालतो की नाही हा प्रश्न केवळ चवीचा नाही. तो कर्त्या माणसाच्या हातापायांचा प्रश्न आहे.

निरनिराळ्या गोड पदार्थांचे घटक

गूळ व साखर ही एकाच उसाची लेकरे होत. रस आटविताना मळी काढून उरलेले सर्व घट्ट केले की गूळ होतो. रसातील स्फटिक वेगळे काढून मळी व इतर द्रव्ये बाजूस सारली की साखर होते. दोहोंतील मुख्य द्रव्य सुक्रोज हेच आहे. त्यांच्या घटकांचे प्रमाण साधारणतः पुढीलप्रमाणे असते.

साखर : १०० भागांत ९९ हून अधिक भाग सुक्रोज.

गूळ : ६५ ते ८५ भाग सुक्रोज, सुमारे १० ते १५ भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज, ३ ते १० भाग पाणी आणि थोडे क्षार. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे गुळातील एकूण शर्करा, कोरड्या वजनावर, ९० टक्क्यांहून कमी असता कामा नये. म्हणजे ज्या गुळात साखर नाही तो कायद्याच्या दृष्टीने गूळच नव्हे.

काकवी : पाण्याचा अंश सुमारे एक तृतीयांश, बाकी बहुतेक सर्व शर्करा.

मध : सुमारे ३८ भाग फ्रुक्टोज, ३१ भाग ग्लुकोज व १७ ते १८ भाग पाणी, इतर शर्करा थोड्या प्रमाणात.

माडाच्या नीरेपासून कोकणात व गोव्यात होणारा गूळही मुख्यत्वे सुक्रोजचाच असतो. खांडसरी ही तर जवळजवळ साखरच होय.

यावरून असे दिसून येईल की, समान वजन घेतल्यास गुळात साखरेपेक्षा साधारण दहावा हिस्सा शर्करा कमी असते, आणि ती कमी असण्याचे मुख्य कारण गुळातील पाणी हे आहे. गुळाचा काळा, तांबूस किंवा पिवळा रंग शर्करेच्या प्रमाणाविषयी काहीही सांगत नाही. काळसर गुळात रंग उजळण्याची द्रव्ये घातलेली नसण्याचा संभव अधिक, एवढाच त्याचा गुण. सेंद्रिय गुळाचेही तसेच आहे. उसास रासायनिक खते व औषधे दिली नाहीत म्हणून उसातील साखर कमी होत नाही.

शरीरात काय घडते

सुक्रोजचा प्रत्येक कण ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन शर्करांच्या जोडीने बनलेला असतो. लहान आतड्यात ही जोडी फुटते. त्यातील ग्लुकोज रक्तात शिरून रक्तशर्करा वाढविते, आणि फ्रुक्टोज मुख्यत्वे यकृताकडे जाते. रक्तातील ग्लुकोज पेशींत पोहोचविण्यासाठी स्वादुपिंडातून इन्शुलिन हे द्रव्य स्रवते. मधुमेहात हे इन्शुलिन अपुरे पडते किंवा शरीर त्यास दाद देत नाही, त्यामुळे ग्लुकोज रक्तातच साठून राहते.

आतड्यात पोहोचलेले सुक्रोज काहिलीतून आले की कारखान्यातून, हे शरीरास समजत नाही. गुळातील काही सुक्रोज तर पाक आटत असतानाच फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज झालेले असते. शरीराचे तेवढे काम आधीच उरकलेले असते. तोडून फार वेळ ठेवलेल्या शिळ्या उसाच्या गुळात असे फुटलेले सुक्रोज अधिक असते, म्हणूनच तो गूळ मऊ पडतो व पाणी धरतो. गुळात धान्यातल्यासारखा कोंडा किंवा भाजीतल्यासारखा चोथा नसतो. शर्करेचे शोषण लांबविणारे असे काही त्यात उरलेले नसते.

वाढीचे मोजमाप

कोणत्या अन्नाने रक्तशर्करा किती वाढते हे मोजण्याची पद्धत कॅनडातील टोरांटो येथे डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली. शुद्ध ग्लुकोजने होणारी वाढ १०० धरून इतर अन्नांची वाढ त्या मानाने सांगतात. या आकड्यास ग्लायसेमिक निर्देशांक असे म्हणतात. ५५ किंवा त्याहून कमी निर्देशांक असलेले अन्न मंद, तर ७० व त्यावरील शीघ्र समजले जाते.

या मोजमापाने साखरेचा निर्देशांक सुमारे ६५ येतो. गुळाचा आकडा निरनिराळ्या चाचण्यांत साखरेच्या जवळपास, आणि काही चाचण्यांत तीहून अधिकही आलेला आहे. मधाचा आकडा सरासरीने साखरेच्या किंचित खाली, सुमारे ६० आहे; परंतु फुलोऱ्याप्रमाणे मधातील शर्करांचे प्रमाण बदलत असल्याने तो बराच खालीवर होतो. मधात फ्रुक्टोज अधिक म्हणून त्याचा निर्देशांक थोडा कमी, हे खरे. तथापि जादा फ्रुक्टोजचे यकृतात चरबीत रूपांतर होते, सबब मध मनसोक्त खाण्यास हा आधार होऊ शकत नाही.

निर्देशांकातील या लहानसहान फरकांपेक्षा एकूण किती खाल्ले, ही गोष्ट कितीतरी अधिक महत्त्वाची आहे; आणि नेमकी तेथेच गुळाच्या बाबतीत फसगत होते.

चहाच्या कपाचा हिशोब

पुढील उदाहरण कोणत्याही गावात लागू पडण्यासारखे आहे. एक शेतकरी दिवसातून पाच वेळा चहा घेतो. प्रत्येक कपात सपाट दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर पडते. दिवसाची साखर झाली ५० ग्रॅम. मधुमेहाचे निदान झाल्यावर त्याने साखर बंद करून गूळ सुरू केला. गुळाची गोडी जिभेस थोडी कमी लागते, शिवाय गूळ निर्धोक अशी समजूत; त्यामुळे कपात १५ ग्रॅमचा खडा पडू लागला. पाच कपांचा गूळ झाला ७५ ग्रॅम. त्यात ९० टक्के शर्करा धरली तर ती होते ६७.५ ग्रॅम.

म्हणजे साखर सोडलेल्या माणसाच्या पोटात पूर्वीपेक्षा १७.५ ग्रॅम, एक तृतीयांशाहून अधिक, शर्करा जाऊ लागली. डब्यातील साखर संपली आणि रक्तातील वाढली. त्याने गूळ साखरेइतकाच, म्हणजे कपास १० ग्रॅम घेतला असता, तर शर्करा ४५ ग्रॅम झाली असती. फायदा जवळजवळ नाही, पण तोटाही नाही. त्याने गूळ एकेक ग्रॅम कमी करीत कपास ३ ग्रॅमवर आणला व कप पाचाचे दोन केले असते, तर शर्करा ६ ग्रॅमच्या आत आली असती. खरा उपाय पदार्थ बदलण्यात नाही, प्रमाण बदलण्यात आहे, हे या हिशोबावरून स्पष्ट होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असा सल्ला दिला की, वरून घातलेल्या शर्करेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असावी, आणि ती विसाव्या हिश्शावर आणता आल्यास अधिक चांगले. २,००० कॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० व २५ ग्रॅम होते. या मोजणीत साखरेबरोबर मध, पाक व फळांचे रस यांतील शर्कराही धरलेली आहे. ही मर्यादा निरोगी माणसासाठी आहे. मधुमेही व्यक्तीने ती आपला हक्क समजू नये.

गुळातील लोह व क्षार

गुळात लोह, कॅल्शियम व इतर क्षार असतात आणि साखरेत ते जवळजवळ नसतात, हा गुळाचा खरा गुण आहे. मात्र त्याचेही मोजमाप केले पाहिजे. निरनिराळ्या अन्नतक्त्यांत १०० ग्रॅम गुळातील लोह सुमारे अडीच ते साडेचार मिलिग्रॅम दिलेले आहे. १० ग्रॅमच्या खड्यातून म्हणजे पाव ते अर्धा मिलिग्रॅम लोह मिळेल. प्रौढ स्त्रीस दिवसास २९ मिलिग्रॅम लोह मिळावे अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे. ते केवळ गुळातून भागवावयाचे म्हटले तर दिवसास सहाशे ग्रॅमहून अधिक गूळ खावा लागेल. तेवढेच लोह बाजरी, मटकी, कडधान्ये व पालेभाज्या यांतून, जोडीला लिंबू किंवा आवळा घेऊन, अधिक सुरक्षितपणे मिळविता येते. १०० ग्रॅम बाजरीतच ६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. गुळाची गोडी घ्यावी, पण त्यास औषध समजू नये.

प्राचीन वैद्यकाचा अभिप्राय

गूळ आपल्या परंपरेतील म्हणून तो बाधत नाही, असाही युक्तिवाद ऐकू येतो. परंतु परंपरेचे म्हणणे याच्या उलट आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणे सांगताना बैठे सुखी जीवन, अतिनिद्रा, दही, नवे धान्य यांच्या पंक्तीस गुळाचे पदार्थही बसविलेले आहेत. कारखान्याची साखर ज्या काळी कोणी पाहिली नव्हती, त्या काळच्या वैद्यांनी गोड व आळस यांची सांगड ओळखली होती. आजोबा गूळ खाऊन धडधाकट राहिले, हे पुष्कळ घरांत खरे असेल. पण आजोबा मोट हाकीत होते, पायी बाजारास जात होते आणि गोडाधोडाचे जेवण त्यांच्या वाट्यास सणावारीच येत होते. काम करणारे स्नायू रक्तातील ग्लुकोज ओढून घेतात. विजेचा पंप व मोटारसायकल आल्यानंतर ते काम उरले नाही, आणि चहा मात्र दिवसभर सुरू झाला.

काट्याचे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर केवळ भाषण न देता एक सोपे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यास लहान तराजू किंवा स्वयंपाकघरातील वजनकाटा पुरेसा आहे.

१. महिला मंडळाच्या किंवा बचतगटाच्या बैठकीत प्रत्येकीस, आपण एका कपात घालतो तेवढा गूळ अथवा साखर कागदावर काढावयास सांगावे व ती सर्वांसमक्ष तोलावी. बहुतेकींचा अंदाज काट्यापुढे कमी ठरतो.

२. महिन्याच्या किराण्यातील साखर व गूळ यांची बेरीज करावी. तीस दिवसांनी व घरातील माणसांनी तिला भागावे. पाच माणसांच्या घरात महिन्यास साखर ४ किलो व गूळ २ किलो लागत असेल, तर माणशी दिवसास ४० ग्रॅम पडतात. बाहेरचा चहा, मिठाई व बाटलीतील पेये यांत धरलेली नाहीत.

३. पुढील महिन्यात हा आकडा किती खाली आणावयाचा हे घरातील मंडळींनीच ठरवावे. एकदम तोडण्यापेक्षा दर आठवड्यास थोडे कमी केल्याने जिभेस सवय होते.

या प्रात्यक्षिकाच्या दिवशीच आशा स्वयंसेविका व उपकेंद्रातील कर्मचारी यांच्या साहाय्याने तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तशर्करा तपासण्याची व्यवस्था करावी. ही तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत केली जाते. उपाशीपोटी रक्तशर्करा १०० मिलिग्रॅमच्या आत असणे चांगले. ती १२६ किंवा त्याहून अधिक आढळल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडून निदानाची खात्री करून घेतली पाहिजे.

मधुमेही व्यक्तींनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

गूळ, काकवी, मध, खांडसरी व माडाचा गूळ यांचा हिशोब साखरेच्याच खात्यात धरावा. साखर सोडून यांपैकी काही घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

गूळ सुरू केला म्हणून गोळ्या किंवा इन्शुलिन कोणत्याही परिस्थितीत आपल्या मनाने बंद करू नये.

संक्रांतीस तिळगुळाचा लाडू घ्यावयाचाच असेल तर तो एक घ्यावा, जेवणाबरोबर घ्यावा आणि त्या जेवणातील भात किंवा पोळी तेवढ्या प्रमाणात कमी करावी. २० ग्रॅमच्या लाडवात निम्मा गूळ धरला तरी १० ग्रॅम होतो. तीळ व शेंगदाणे यांतील स्निग्धांशामुळे शोषण काहीसे मंदावते, परंतु गूळ नाहीसा होत नाही.

औषधे घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकाएकी उतरते. घाम सुटणे, हात कापणे, छातीत धडधडणे, डोके गरगरणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शेतावर साखर नसल्यास गुळाचा खडाही चालेल. गोड पदार्थ रक्तशर्करा लवकर वाढवितो, हा त्याचा दोष येथे उपयोगी पडतो. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. फडात कामास जाणाऱ्या मधुमेही माणसाने खिशात साखरेची पुडी व पायात भक्कम जोडे बाळगावेत, आणि रात्री तळवे उजेडात पाहून घ्यावेत.

गूळ उत्पादकांचे हित कशात आहे

हे सर्व वाचून गुऱ्हाळमालकास असे वाटण्याचा संभव आहे की, खरे सांगितले तर गूळ विकणार कसा? ही काळजी समजण्यासारखी आहे. परंतु गुळाची मागणी खोट्या आधारावर उभी करणे हे उत्पादकाच्याच हिताविरुद्ध आहे. ज्या गिऱ्हाइकाने मधुमेहास चालतो म्हणून गूळ घेतला, त्याची साखर वाढल्याचा तपासणीचा कागद हाती आला की तो गूळ कायमचा सोडतो व इतर दहा जणांस तसे सांगतो. शिवाय मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय यांविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे.

कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले, ते त्याच्या चवीमुळे, कणीमुळे व कसबामुळे. तोच त्याचा खरा मान आहे. साखर स्वस्त झाली की काहिलीत साखर मिसळणे, किंवा रंग उजळण्यासाठी द्रव्यांचा अतिरेक करणे, या गोष्टींनी तो मान जातो. ताजा व पक्व ऊस तोडणे, तो शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळणे, मळी वेळेवर काढणे, चुन्याचे प्रमाण राखणे आणि वेष्टनावर खरे तेच छापणे, या मार्गाने गुळास चांगला भाव मागता येतो. पुरणपोळी, तिळगूळ, चिक्की व कोल्हापूरची काकवी यांना गुळाचीच चव लागते; त्यासाठी गुळास औषधाचे सोंग घेण्याची आवश्यकता नाही.

गुऱ्हाळावर पाहुण्याचा आदर करण्याचा रिवाज चालू राहावा, यात कोणाचेही दुमत नसावे. मात्र मधुमेह असलेल्या पाहुण्याने नको म्हटले तर आग्रह करू नये. त्याच्या हातावर सुपारीएवढा खडा ठेवून, "हाही साखरेतच धरा" असे सांगणारा गुऱ्हाळमालक आतिथ्यात उणा ठरणार नाही. तो पाहुणा पुढील हंगामातही आपल्या पायांनी चालत त्याच्या गुऱ्हाळावर येईल.